छताकडे बघणाऱ्याचे घर

दुर्धर आजारपण, शेवटचे दिवस आणि त्यानंतरचे घर यांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. त्यांतली बरीचशी झाशीच्या सीपरी बाजारातल्या एकाच घरातून आली. आधी मुलाने लिहिले, मग सुनेने, मग खुद्द आजींनी. म्हणून त्या घराला जास्त जागा दिली आहे. नावे कोणाचीच छापलेली नाहीत.

शंका : आमचे घर आजोबांच्या वेळचे, मधे आंगण असलेले. वडील, म्हणजे नाना, रेल्वेतून निवृत्त झाले. कर्करोग आता औषधाला दाद देत नाही, घरी न्या असे डॉक्टरांनी सांगितले. वरच्या मजल्यावर मोठी, नुकतीच रंगवलेली, एसीची खोली आहे. खाली आंगणालगत एक लहान खोली आहे. कुठे ठेवावे? शिवाय रूळ जवळ आहेत, रात्रभर मालगाड्या जातात. खिडकीला दुहेरी काच बसवावी का?

समाधान : खालची खोली घ्या. एसीच्या मोहाने वर जाऊ नका. पहिले कारण बोलायला अवघड आहे, पण ते आधीच बोललेले बरे. जिन्यावरून माणसाला खुर्चीत बसवून वर नेता येते. त्याच अरुंद, वळणाच्या जिन्यावरून त्याला शेवटी खाली आणताना घरच्यांची जी ओढाताण होते, ती नंतर कित्येक वर्षे मनातून जात नाही. दुसरे कारण आंगण. आजारी माणसाला शांतता हवी असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याला चालते घर हवे असते. नळाला पाणी आले, दूधवाल्याचा हिशेब चुकला, नातवाचा डबा घरीच राहिला, हे कानावर पडत असते तोवर तो घरातला असतो. वरच्या सजवलेल्या खोलीत तो पाहुणा होऊन बसतो.

आता त्या लहान खोलीत स्वतः जा, पलंगावर उताणे पडा आणि थोडा वेळ तसेच राहा. आमच्या, म्हणजे वास्तुकारांच्या, धंद्यातले लोकही हे क्वचितच करतात. आम्ही घरे उभ्या माणसाच्या डोळ्यांनी आखतो, आणि आजारी माणूस सगळा दिवस आडवा असतो. पडल्यावर तुम्हाला बहुधा हे दिसेल : नेमकी डोळ्यांवर येणारी ट्यूबलाइट, तिच्या जरा खाली फिरणारा पंखा, आणि पात्यांमुळे छतावर, भिंतीवर, चादरीवर सतत लुकलुकणारा उजेड. चालत्याफिरत्या माणसाच्या हे लक्षातही येत नाही. मळमळणाऱ्या माणसाला ते असह्य होते. ट्यूब काढा. उशामागच्या भिंतीवर, पंख्याच्या पातळीच्या खाली, भिंतीकडे तोंड केलेला पिवळसर दिवा लावा आणि त्याचे बटण नानांच्या हाताला येईल असे लोंबते ठेवा.

फिनलंडमध्ये पाइमिओ इथे १९३३ मध्ये क्षयरोग्यांसाठी एक मोठे आरोग्यधाम उभे राहिले. त्याचा वास्तुकार आल्व्हार आल्टो. त्याने रुग्णाची खोली पडलेल्या माणसाच्या बाजूने आखली. छताला गडद हिरवा रंग दिला, कारण रुग्णाची खरी भिंत तीच. दिवा नजरेच्या टप्प्याबाहेर नेला. हात धुवायची भांडी अशी घडवली की पाणी तिरके पडावे आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोपमोड होऊ नये. क्षयावर तेव्हा गुणकारी औषध नव्हते. त्यामुळे इमारतीकडूनच जमेल तेवढे काम करून घ्यायचे, असा तो विचार होता. तुमच्या खोलीचे छत चुन्याचे असेल तर फिकट मातकट किंवा हिरवट हात मारा. दोन दिवसांचे काम आहे, पण नाना घरी यायच्या आत उरका. ताज्या रंगाचा वास त्यांना चालणार नाही.

खिडकी. आपल्याकडे खिडकीची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर असते आणि पलंग दीड फूट उंच. उभे राहिल्यावर तुम्हाला आंगणातली तुळस दिसते, नानांना गज आणि समोरच्या गच्चीचा कठडा. भिंत तुमची आहे, तर आंगणाकडची कड फूटभर खाली घ्यायला गवंड्याला सांगा. ते जमत नसेल तर पलंग उंच करा. भाड्याने मिळणारा फाउलर कॉट घेतलात तर डोक्याकडची बाजू उचलता येते आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. साधाच पलंग असेल तर पायांखाली मजबूत लाकडी ठोकळे द्या. उंच पलंगाने तुमच्या घरातल्या बायकांची कंबरही वाचेल, कारण कूस बदलणे, चादर ओढणे, अंग पुसणे हे सगळे वाकून करायचे असते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील इतकी जागा सोडा. नानांना दार दिसले पाहिजे, म्हणजे कोण आले ते कळते. मात्र रस्त्यावरच्या माणसाला उघड्या दारातून नाना दिसता कामा नयेत.

उन्हाळ्याचे म्हणाल, तर झाशीचा मे महिना मला माहीत आहे. लू पश्चिमेकडून येते आणि भिंती रात्री दहापर्यंत धग सोडत राहतात. जुन्या घराच्या जाड भिंती आणि आंगणाची सावली या दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. पश्चिमेच्या उघडणीला दुपारी खसचा पडदा सोडा, पण आधी नानांना वास दाखवा. उपचारांनंतर कित्येकांना पूर्वीचे आवडते वास नकोसे होतात; वाळा, उदबत्ती, लसणाची फोडणी, कुठलाही. कूलर लावाल तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमट कोंडमारा होतो. धाप लागत असेल तेव्हा लहान टेबलपंख्याची झुळूक थेट चेहऱ्यावर द्या. धाप लागल्याची घाबरगुंडी त्याने बरीच कमी होते, हे अनुभवाला आलेले आहे आणि अभ्यासातूनही पुढे आलेले आहे. हिवाळ्यात, कोहरा पडला तरी, बंद खोलीत सिगडी किंवा कोळशाची अंगिठी नको म्हणजे नकोच. त्यातला विषारी वायू वास न येता माणूस नेतो.

राहिल्या मालगाड्या. दुहेरी काच बसवायच्या आधी नानांना विचारलेत का? ज्याची हयात रुळांवर गेली त्याला भोंगा त्रास देतो की वेळ सांगतो, हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्हीही ठरवू नका. रुग्णालयाच्या वॉर्डात रात्रीचा आवाज सरासरी ३० डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवले आहे. सीपरी बाजारात तुम्हाला तो आकडा कधीच गाठता येणार नाही, त्याच्या मागे लागू नका. बाहेरचा आवाज त्यांना हवा असेल तेव्हा आत यावा आणि नको असेल तेव्हा थांबवता यावा, एवढे साधले की पुरे. साधी, नीट मिटणारी लाकडी झडप आणि जाड पडदा त्याला बास. लग्नाचा डीजे मात्र झडपेने थांबत नाही. त्यासाठी गल्लीतल्या वडीलधाऱ्या कोणाला तरी मध्ये घाला.

शंका : ताई, वरचे पत्र लिहिणाऱ्यांची मी पत्नी. खोली छान झाली. पण सकाळपासून रात्रीपर्यंत माणसे भेटायला येतात, नानांच्या उशाशी बसतात, चहा करता करता मी थकते. मला रडायलासुद्धा जागा नाही. याला वास्तुशास्त्रज्ञ काय करणार?

समाधान : पुष्कळ करू शकतात. आणि मुळात ज्या इमारतींचे आज जगभर कौतुक होते, त्या तुमच्याच तक्रारीतून जन्मल्या.

१९९३ मध्ये मॅगी केसविक जेंक्स या बाईंना एडिंबरोच्या रुग्णालयात सांगितले गेले की कर्करोग उलटला आहे आणि थोडेच महिने उरले आहेत. बातमी पचवायला बसावे अशी जागा नव्हती. पुढचे रुग्ण खोळंबले होते, म्हणून नवरा-बायकोला बाहेर बोळात बसायला सांगण्यात आले. या बाई स्वतः चिनी बागांच्या जाणकार होत्या. उरलेल्या काळात त्यांनी वेगळ्या प्रकारच्या एका घराचा आराखडा मनाशी आखला. १९९५ मध्ये त्या गेल्या. पुढच्या वर्षी त्याच रुग्णालयाच्या आवारात, एका जुन्या तबेल्यात, रिचर्ड मर्फी या वास्तुकाराने ते घर उभे केले. आता अशी मॅगीज केंद्रे बरीच आहेत, फ्रँक गेहरी आणि झाहा हदीद यांच्यासारख्या बड्या नावांनी बांधलेलीही. बड्या नावांचे मला फारसे अप्रूप नाही. मला आवडतात त्यांच्या अटी. दारात चौकशीचे टेबल नको. मध्यभागी स्वयंपाकघर आणि मोठे जेवणाचे टेबल हवे, म्हणजे आलेला माणूस स्वतःच चहा ठेवील. आणि संडास-मोरी अशी हवी की दार लावून निवांत रडता यावे, तिथेच तोंड धुता यावे, आरशात बघून बाहेर पडता यावे.

तुमच्या घरात हेच करा. भेटायला येणाऱ्यांची बैठक पुढच्या पौरीत, म्हणजे देवडीत, किंवा बाहेरच्या चबुतऱ्यावर हलवा. नानांच्या खोलीत दोनच स्टुले ठेवा, सोफा-खुर्ची काढून टाका. सोफा असला की माणूस तासभर हलत नाही, स्टुलावरचा दहा मिनिटांत निरोप घेतो, आणि त्याला हाकलल्यासारखेही वाटत नाही. पुढच्या बैठकीत थर्मास, कप आणि पाण्याचा माठ मांडून ठेवा. उत्तरेकडे पाहुण्याने स्वतः चहा ओतून घेणे कमीपणाचे समजतात, मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी यजमानांनी सगळ्यांसमोर स्वतःचा कप स्वतः भरावा.

आणि तुमच्यासाठी : वरची ती एसीची खोली. आतून कडी लावा आणि दुपारचा एक तास तिथे कोणीही हाक मारायची नाही, असे घरात जाहीर करा. नानांच्या हाताशी बिनतारी घंटी द्या, तिचा आवाज नवऱ्याच्या खोलीत वाजू द्या.

मोरीचे दार बाहेर उघडणारे करून घ्या. आतमध्ये माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. उंबरा असेल तर फोडा, भिंतीला पकडायला दांडा लावा.

शंका : बाई, मी नानांची बायको. सूनबाई माझे लिहून देते आहे. पलंग फिरवला तेव्हा डोके दक्षिणेला राहिले नाही. आणि देवापुढचा दिवा त्यांच्या खोलीत ठेवायचा आहे तर मुलगा ऑक्सिजनमुळे नको म्हणतो.

समाधान : आजी, दिवा आणि ऑक्सिजन एका खोलीत नको, इथे मुलाचे बरोबर आहे. ऑक्सिजनचे यंत्र चालू असताना चादर, कपडे, केस सगळे प्राणवायूने भारलेले असते आणि एका ठिणगीने भडकते. ज्योत किमान दहा फूट लांब हवी, त्याहून सोपे म्हणजे पलीकडच्या खोलीत, जिथून नानांना ती दारातून दिसेल. उदबत्तीलाही हेच लागू.

दक्षिणेचे असे. तसा पलंग लावून आंगण डोळ्यांपुढे राहत असेल तर अवश्य लावा. आंगण पाठीमागे जात असेल तर नानांना विचारा आणि ते म्हणतील तसे करा. एक गोष्ट तुमच्या पिढीला सांगायला नको, तरी लिहिते. पलंगाच्या एका बाजूला सात फूट लांब, चार फूट रुंद फरशी मोकळी असू द्या. भुईवर घ्यायची वेळ आली तर ऐनवेळी कपाटे सरकवत बसू नये. नव्या फ्लॅटांतून ही जागाच नाहीशी झाली आहे आणि आमच्या एकाही नकाशात ती कोणी मागत नाही.

शंका : बागा, खिडक्या, छताचे रंग हे श्रीमंतांचे चोचले नव्हेत का? तोच पैसा औषधाला लावावा. (पुणे)

समाधान : वेदना आधी. त्यात दुमत नाही. दुखणे थांबले नसेल तर गुलाबाची बाग डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. मॉर्फिन मिळणे आपल्याकडे कायद्याच्या गुंत्यामुळे फार अवघड होते. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ते थोडे सुटसुटीत झाले. तरी लहान गावांत ते हाताशी नसते. तिथे कोणी मला इमारत बांधायला बोलावले तर मी आधी विचारते, औषध कोण देणार.

पण खिडकीला चोचला म्हणू नका. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक छोटा अभ्यास छापला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या २३ जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडेवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्ण मोजके होते आणि ते बरे होणारे होते, मरणासन्न नव्हते. म्हणून या अभ्यासावर लोक रचतात तेवढा डोलारा मी रचणार नाही.

त्यापेक्षा मला दुसरी हकिगत महत्त्वाची वाटते. १९४८ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड टास्मा नावाचा पोलिश निर्वासित कर्करोगाने वारला. त्याची देखभाल करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांच्याशी तो अशा रुग्णांसाठी वेगळे घर असावे याबद्दल बोलत असे. त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले, त्या घरातली एक खिडकी होण्यासाठी. घर उभे राहायला १९६७ उजाडले. ते सेंट ख्रिस्तोफर्स, आजच्या हॉस्पिस चळवळीचे मूळ. ज्याच्याकडे जवळपास काहीच नव्हते अशा माणसाने पहिली देणगी दिली ती खिडकीसाठी.

शंका : कोणता रंग मनाला सर्वांत शांत करतो? (बेळगाव)

समाधान : जो आजारी माणसाला आवडतो तो. फक्त चकचकीत ऑइल पेंट टाळा, त्यावर उजेड परततो.

शंका : झाशीतल्या आम्हा काही मराठी कुटुंबांच्या हातात चौकाचे एक जुने घर आहे. महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेजात दूरच्या गावांहून रुग्ण येतात, नातेवाईक आवारात उघड्यावर झोपतात. या घरात शेवटच्या अवस्थेतले चार-पाच रुग्ण आणि त्यांची माणसे राहतील अशी सोय करायची आहे. कुठून सुरुवात करावी?

समाधान : चुलीपासून. आणि त्याआधी प्रवासाला निघा, कारण पाहण्यासारखे बरेच आहे.

मुंबईत वांद्र्याला माउंट मेरीजवळचे शांती अवेदना सदन बघा. डॉ. लुईस डिसोझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले हे देशातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे, तिथे रुग्णाला पैसे पडत नाहीत. घरचे माणूस सोबत राहते, आणि तेच काळजी घ्यायला शिकून रुग्णाला परत घरी नेते. हे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे इमारत मरणाचे गोदाम होत नाही. बंगळूरचे करुणाश्रय संजय मोहे यांनी आखले. दगड, कौले आणि मधे पाणी, त्या पाण्याभोवती वॉर्ड. तुमच्या चौकाला इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मात्र वास्तुकलेसाठी बघायची नाही. टाटा रुग्णालयात आलेले गरीब कुटुंब मुंबईत महिनोन् महिने कशाच्या आधारावर टिकते, ते तिथे कळते : स्वस्त खोली, जेवण, आणि त्याच आजाराच्या दुसऱ्या कुटुंबाचा शेजार.

आता तुमचे घर. चौकाला हात लावू नका. काचेचे छत घालून त्याचा दिवाणखाना करायचा मोह समितीतल्या कोणाला तरी होणारच, त्याला आवरा. खाटा चौकाभोवतीच्या खोल्यांत, प्रत्येक खोलीतून खाट ढकलत चौकात आणता येईल इतके रुंद दार, साडेतीन फूट तरी. माणसाला रात्री उघड्या आभाळाखाली झोपावेसे वाटले तर झोपता आले पाहिजे; बुंदेलखंडात उन्हाळ्यात सगळे तेच करत आले आहेत. स्वयंपाकघर सामाईक, पण प्रत्येक कुटुंबाला कुलपाचे कपाट आणि स्वतःची शेगडी. ज्या बाईच्या हातात आजारावर काही उरलेले नाही, तिच्या हातात मुगाची खिचडी तरी राहू द्या. कपडे धुवायला दगड आणि वाळत घालायला दोऱ्या, रुग्णांच्या नजरेआड नको तर नजरेसमोरच, कारण वाऱ्यावर हलणारे धुणे बघायला बरे असते.

वाईट बातमी सांगायची एक खोली ठेवा. तिला खिडकी हवी आणि दोन दारे हवीत, म्हणजे बाहेर पडताना पुन्हा त्याच ओळखीच्या चेहऱ्यांतून जावे लागणार नाही. आणि देह मागच्या बोळातून गुपचूप काढू नका. इतर रुग्णांना त्रास नको म्हणून बहुतेक ठिकाणी तसे करतात. मला ते पटत नाही. सगळ्यांना कळतेच, आणि आपल्यालाही असेच कचऱ्याच्या वाटेने नेतील हेही कळते. पुढच्या दाराने न्या, बाकीच्यांना उठून उभे राहायचे असेल तर राहू द्या.

शंका : नाना गेले. तेरावा झाला. आई त्या खोलीत कोणाला पाऊल ठेवू देत नाही, पत्नी म्हणते मुलाला अभ्यासाला द्या. काय योग्य?

समाधान : दोघींचेही. वेळेचा तेवढा फरक आहे.

खोलीवरचा भार थोडा दुसरीकडे नेता येतो, आणि तुमच्या मुलखात त्याचे दाखले दगडात उभे आहेत. १८५३ च्या नोव्हेंबरात झाशीचे राजे गंगाधरराव गेले, तेव्हा राणी लक्ष्मीबाईंनी त्यांची छत्री, म्हणजे स्मारक, राजवाड्यात बांधली नाही. गावाबाहेर, लक्ष्मी तालाच्या काठी, पाण्याच्या आणि महालक्ष्मीच्या देवळाच्या जवळ बांधली. जायचे, बसायचे आणि परत घरी यायचे. शिवपुरीला, म्हणजे जुन्या सीपरीत, शिंद्यांच्या छत्र्या आहेत. माधवराव आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या छत्र्या बागेत समोरासमोर आहेत. तिथल्या मूर्तींना रोज वस्त्रे नेसवतात, नैवेद्य दाखवतात, संध्याकाळी गाणे होते. आजच्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. मला त्यातली युक्ती दिसते : दुःखाला रोजचे एक ठरलेले काम नेमून दिलेले आहे, आणि ते काम राहत्या घराबाहेर आहे. आजींना छत्री नको, पण असे काही रोजचे चालेल. आंगणात त्या खिडकीसमोर एक झाड लावा, पाणी घालणे त्यांच्याकडे द्या.

खोली एकदम रिकामी करू नका. औषधे आधी हलवा, ती बघवत नाहीत. मग पलंग. नानांची खुर्ची, घड्याळ, चष्मा यांना आजी सांगतील तोवर हात लावू नका. खालपर्यंत आणलेली खिडकी तशीच राहू द्या, जमिनीवर बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला ती नेमकी उंचीची होईल. दुपारी तो तिथे वाचत बसला की आजी आपणहून येऊन बसतील. आधी चार दिवस त्याच्यावर रागावतीलही, तेवढे सोसायला त्याला सांगा.

ऑक्सिजनचे यंत्र आणि भाड्याचा कॉट मात्र याच आठवड्यात परत करा. भाडे चालू राहते, आणि झाशीत दोन्हींची वाट बघणारे कोणीतरी असतेच.